गुडघ्याच्या कूर्चेसाठी स्टेम सेल: मज्जा, चरबी, अस्तर की नाळ?

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर खाली बसून काम करतात, यंत्रमागाचा कामगार पाळी संपेपर्यंत उभा असतो. ‘गादी’, म्हणजे सांध्यातली कूर्चा, झिजली असं ऐकून आलेले असे रुग्ण हल्ली विचारतात, की स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) पोटाच्या चरबीतल्या चांगल्या की कमरेच्या हाडातल्या?

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती स्वतःहून भरून येत नाही. बाहेरून दिलेल्या पेशींनी कूर्चेचे मुख्य घटक, म्हणजे टाइप २ कोलॅजन हे प्रथिन आणि अ‍ॅग्रिकॅन बनवावं, ही अपेक्षा. टाइप १ जास्त आलं तर चिवट, तंतुमय कूर्चा होते. टाइप १० दिसू लागलं तर पेशी हाडाच्या वाटेला लागल्या.

अस्थिमज्जेचा खरा दोष हाच. तिच्यातल्या पेशी टाइप २ चांगलं बनवतात, पण पाठोपाठ टाइप १० येतं. शिवाय मज्जेतल्या केंद्रकयुक्त पेशींत कामाच्या पेशी लाखात एक ते दहाच. एका जागेतून २० मिली ओढली की सिरिंजमध्ये बहुतेक रक्तच येतं. दर जागेतून २ ते ४ मिली घ्यावी, सुई सरकवावी आणि सिरिंज आधीच हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधानं ओली करून घ्यावी, नाहीतर गुठळ्या होतात.

चरबीत पेशी मुबलक. पेशी सुट्या करण्यासाठी चरबी ०.१ टक्का कोलॅजिनेज या विकरात ३७ अंशांवर ४५ ते ६० मिनिटं हलवत ठेवायची. जास्त वेळ ठेवल्यास पेशी मरू लागतात. या पेशींवर टीजीएफ-बीटा या वाढ-घटकाचा एक रिसेप्टर (ग्राहक) कमी असतो, त्यामुळे पेशी वाढवण्याच्या नेहमीच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, त्या मागे पडतात. बीएमपी-६ (आणखी एक वाढ-घटक) घातलं की फरक बराच भरून निघतो. ते न घालता चरबीला नापास करणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

प्रयोगशाळेत आमचं मत सांध्याच्या अस्तराला, म्हणजे सायनोव्हियमला. २००५ साली जपानी संशोधकांनी मज्जा, अस्तर, हाडावरचं आवरण, स्नायू आणि चरबी यांची तुलना केली, त्यात कूर्चेचा सर्वांत मोठा गोळा अस्तराच्या पेशींनी बनवला. अडचण इतकीच, की नमुन्यासाठी दुर्बीण सांध्यात घालावी लागते.

नाळेतल्या व्हार्टन जेलीच्या पेशी तरुण, भराभर वाढणाऱ्या. पण त्यांचा कल टाइप १ कडे जास्त. २-३ मिमीचे तुकडे ताटलीत ठेवून आधी चिकटू द्यायचे, मग थोडं माध्यम घालायचं. लगेच भरलं तर तुकडे तरंगतात आणि पेशी बाहेर येत नाहीत. दाता परका असल्यानं एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिसच्या तपासण्या आधी.

तुलना करायची तर चौथ्या पॅसेजच्या (नव्या ताटलीत हलवून वाढवण्याच्या फेरीच्या) आतल्या पेशी घ्याव्यात. २.५ लाख पेशी १५ मिलीच्या नळीत ५०० जी (गुरुत्वाच्या ५०० पट) वर ५ मिनिटं फिरवून गोळा करायचा, झाकण सैल ठेवायचं. माध्यमात १० नॅनोग्रॅम प्रति मिली टीजीएफ-बीटा ३, १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन आणि ताजं अ‍ॅस्कॉर्बेट. तीन आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी बदल. गोळा नळीला चिकटला तर वाढ एकांगी होते, म्हणून दुसऱ्या दिवशी नळी हलक्या हातानं टिचकावी. नंतर कूर्चेचे घटक दाखवणारा सॅफ्रॅनिन-ओ रंग द्यावा. टाइप १० बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

सोलापूरहून पुण्याला नमुना पाठवताना मे महिन्यात गाडीत ठेवलेला डबा धोक्याचा. थर्माकोलचा डबा, जेल पॅक आणि नळी यांच्यात कापडाचा थर हवा, कारण थेट बर्फाला टेकलेल्या पेशी गोठून फुटतात.

आता गुडघ्याकडे. २०२३ साली अमेरिकेतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. संधिवाताच्या गुडघ्यात मज्जेचं सांद्र द्रव, चरबीतल्या पेशी किंवा नाळेच्या पेशी यांची इंजेक्शनं देऊन स्टेरॉइडशी तुलना केली होती. वर्षभरानंतर वेदनेत कुणीच स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही, एमआरआयवरही कूर्चा वाढलेली दिसली नाही. स्रोत बदलल्यानं निकाल बदलला नाही. झिजलेल्या, सुजलेल्या, वाकड्या भार पडणाऱ्या सांध्यात सुटी सोडलेली पेशी टिकतच नाही. तरुण माणसाच्या कूर्चेतला मर्यादित खड्डा वेगळा. तिथे पेशी जागेवर बसवता येतात, आणि स्रोताची निवड तिथेच महत्त्वाची.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: हे मान्यताप्राप्त औषध आहे का? नसेल तर क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीचा क्रमांक कोणता? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता नसलेल्या स्टेम सेल चाचणीबाहेर रुग्णाला देणं अनैतिक आहे आणि चाचणीत सहभागी झालेल्याकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. क्रमांक न देता लाखाचं पॅकेज सांगितलं तर घरी परत या.