एक नग जास्त

परवा दुपारी पांघरुणं काढायची म्हणून कपाटावरची मोठी बॅग खाली ओढली. प्रवास नसेल तेव्हा आमच्या बॅगा पांघरुणं सांभाळतात. ओढताना मुठीला चिकटलेली कागदी पट्टी हाताला लागली. विमानतळावर बॅग आत जाण्याआधी लावतात ना, ती. शाई उडालेली, बारकोड घासलेला, पण तीन अक्षरं अजून ठसठशीत: वाय, वाय, झेड.

म्हणजे टोरंटो. या गावाच्या स्पेलिंगमध्ये वाय नाही, झेड तर नाहीच. कॅनडातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांचा कोड वायने सुरू होतो, पुढची अक्षरं ज्याच्या त्याच्या नशिबाची. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाचा कोड ओ आर डी आहे, कारण ओ'हेअर हे नाव पडण्याआधी तिथे ऑर्चर्ड फील्ड होतं. माणसांनी नवं नाव घेऊनही सत्तरहून जास्त वर्षं झाली. बॅगा अजून जुन्या नावानेच जातात. मला हे उगाचच आवडतं.

जुनी पट्टी लगेच काढून टाकावी असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. आत बॅगा वाटून देणारं यंत्र बारकोड वाचतं. एकाच मुठीला दोन प्रवास लटकत असतील तर त्या बिचाऱ्याने कुठला खरा मानायचा? पटतं मला. तरी मी ती पुढच्या प्रवासाच्या आदल्या रात्री, कात्री शोधत शोधतच कापते. तिच्यावर दहा आकडी नंबर असतो. सुरुवातीचा एक आकडा यंत्राच्या सोयीचा, पुढचे तीन विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा बॅगेचे स्वतःचे. विमानतळावर मला एवढं नेमकं कुणी ओळखत नाही.

मला विमान बदलायला आवडत नाही. उडण्याची भीती नाही. उतरून पुन्हा उडायचं, या मधल्या कारभारावर माझा भरवसा नाही. तिकीट काढताना दोन विमानांच्या मधे एक तास वीस मिनिटं दिसतात आणि संगणक बिनदिक्कत ‘चालेल’ म्हणतो. प्रत्येक विमानतळावर विमान बदलायला लागणारा एक किमान वेळ ठरलेला असतो आणि त्याच्या आतली दोन विमानं एका तिकिटावर जोडून मिळत नाहीत. व्हिएन्नाचा विमानतळ या बाबतीत भलताच आत्मविश्वासू, २५ मिनिटांत विमान बदला असं तो मिरवतो. २५ मिनिटांत मी फार तर चष्मा शोधून नाकावर ठेवते.

एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली तर निदान चुकलेल्या विमानाची काळजी कंपनीच्या गळ्यात असते. पुढच्या कुठल्या तरी विमानात ती तुम्हाला बसवून देते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं मी आयुष्यात एकदाच काढली. पहिलं विमान चुकलं काय नि उशिरा पोचलं काय, दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नाही. त्या प्रवासात मी अकरा तास टक्क जागी होते, समोरच्या पडद्यावरच्या इवल्याशा विमानाला मनाने ढकलत. झालं काहीच नाही. पोचले ती तीन तास हाताशी ठेवून. मग दुसऱ्या गेटसमोरच्या खुर्चीत अशी झोप लागली की सफाईवाल्या बाईंनी उठवलं म्हणून विमान मिळालं.

विमान टेकतं तेव्हा खरी परीक्षा. सगळे एकदम उभे राहतात. मीही राहते, वरच्या कप्प्याखाली मान वाकडी करून, दार उघडायला अजून दहा मिनिटं आहेत हे माहीत असून. मागे एकदा पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वरून बॅग काढली, बॅगेतून स्वेटर काढला, घातला, बॅग बंद करून पुन्हा वर ठेवली, आणि मग खिसे चाचपून बॅग पुन्हा खाली घेतली. माझ्या तोंडून ‘च्च’ निघालं.

हे च्च आमच्या घराण्यातलं आहे, वडिलांकडून आलेलं. रांग थबकली की ते आपोआप येतं. मोठ्याने नाही, पण पुढच्या माणसाला ऐकू जाईल इतपत. इमिग्रेशनच्या रांगेत एखादा पासपोर्ट शोधायला लागला की येतं. सरकत्या पट्ट्यावर दोघं जण शेजारी शेजारी उभे राहून वाट अडवतात तेव्हा तर हमखास. विमानतळावरचा पहिला सरकता पट्टा १९५८ साली डॅलसच्या लव्ह फील्डवर बसवला. चालणाऱ्याने आणखी भरभर जावं म्हणून केलेली सोय, असं मी समजत होते. तमाम प्रवासी जनतेने तो उभं राहण्यासाठी वापरायचा ठरवला. च्च.

पाट्यांबद्दल मात्र तक्रार नाही. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळासाठी आद्रियान फ्रुटिगर या स्विस माणसाने खास अक्षरं घडवली. लांबून वाचता यावीत, तिरक्या नजरेने वाचता यावीत, चालता चालता वाचता यावीत. १९७४ साली विमानतळ उघडला आणि दोनच वर्षांनी ती अक्षरं त्याच्याच नावाने छापखान्यांकडेही गेली. आता कुठेही उतरा, त्यांच्या भावंडांसारखी दिसणारी अक्षरं बाण दाखवत उभी असतात. धावत, एका हाताने खांद्यावरून घसरणारी पर्स सावरत वाचता येतील अशी अक्षरं अजून कुणी केलेली नाहीत. गेट बी ४२ नि बी ४८ यांत किती अंतर असू शकतं याचा अंदाज कुठल्याच टायपात येत नाही.

सगळ्यात जिवावर येतं ते अमेरिकेत. पुढे कुठेही जायचं असो, अगदी दुसऱ्या देशात, पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन झालं की सहसा पट्ट्यावरून बॅग स्वतः उचलायची, कस्टम्समधून ओढत न्यायची आणि पलीकडे पुन्हा ‘पुढे पाठवा’ म्हणून द्यायची. मग पुन्हा सुरक्षा तपासणी. पट्ट्यापाशी उभं राहून येणारी प्रत्येक काळी बॅग आपलीच वाटते आणि जवळ आली की परकी होते. लोक कंटाळतात. मी खरं म्हणजे त्या दहा मिनिटांत जरा शांत होते. बॅग दिसते, हाताला लागते. मनातल्या मनात म्हणते, एक.

मोजायची खोड आईची.

लहानपणी आजोळी जाताना गाडी बदलावी लागायची. मोठ्या गाडीतून जंक्शनवर उतरायचं, पूल चढून पलीकडच्या फलाटावर जायचं, तिथे छोटी गाडी. बाबा उतरल्या उतरल्या फळा बघायला जात. काळ्या फळ्यावर खडूने गाडीचं नाव, यायची वेळ आणि शेवटच्या रकान्यात उशीर. आई सामानापाशी. ट्रंक एक, होल्डॉल दोन, असं करत थर्मासपर्यंत सहा नग. पूल चढायच्या आधी सहा, उतरल्यावर सहा, गाडीत चढवल्यावर सहा, आणि गाडी हलल्यावर बाकाखाली वाकून पुन्हा सहा. मुलं त्यात धरलेली नसत, ती वेगळी मोजली जात. मला ट्रंकेवर बसवून ‘इथून हलायचं नाही’ असा हुकूम असे, त्यामुळे मी ट्रंकेतच जमा आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

छोटी गाडी आमच्यासाठी थांबायची. मेल आल्याशिवाय ती सुटत नाही, तिचं वेळापत्रकच तसं आहे, असं बाबा सांगत. मला वाटे, गार्डला आम्ही येणार हे कुणीतरी कळवलेलं असतं.

एकदा मेलला खूप उशीर झाला होता. पूल धावतच ओलांडला. पलीकडे आईने मोजलं आणि मोजणी चुकली. एक कमी भरला असता तर समजण्यासारखं होतं. एक जास्त भरला. तिने पुन्हा मोजलं. सात. हमालाने गर्दीत कुणाची तरी तपकिरी सुटकेस आमच्या सामानात उचलून आणली होती.

“हा कुणाचा?” आई म्हणाली.

हमाल म्हणाला, तुमचाच असंल. बाबा म्हणाले, “असू दे आता, चढव. पुढे उतरलो की स्टेशनमास्तरांकडे देऊ.” गार्ड हिरवं निशाण गुंडाळून हातात धरून आमच्याकडे बघत होता. आई ट्रंकेवर बसली, अगदी माझ्या शेजारी.

“कुणाचा ते कळल्याशिवाय मी चढणार नाही.”

बाबांनी च्च केलं. इतकं मोठं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मग सुटकेस घेऊन पुलावरून उलटे पळाले. पलीकडच्या फलाटावर एक गृहस्थ आपले चार नग पुन्हा पुन्हा मोजत होते, पाच व्हावेत म्हणून. बाबा घामाघूम होऊन परत आले, छोटी गाडी सुटली आणि ते दोघं पुढची तीन स्टेशनं एकमेकांशी बोलले नाहीत.

विमानं अशी थांबत नाहीत. म्हणजे एकाच उशिरा आलेल्या विमानातून वीस-पंचवीस जण येणार असतील तर कधीकधी थांबवतातही, पण तो कंपनीचा हिशेब झाला. एकट्यादुकट्याला सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच दार बंद. त्यामुळे गेल्या खेपेला मी हुरळून गेले त्यात नवल नाही. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं. सुरक्षा तपासणी, मग आतली छोटी रेल्वे, मग ते बी ४८. निम्म्या वाटेत छतातून माझं नाव ऐकू आलं. तीन तुकड्यांत, तिन्ही चुकीच्या जागी तोडलेलं, पण माझंच. गेटवर दार उघडं! तिथल्या मुलीने हसून बोर्डिंग पास घेतला. धापा टाकत मी म्हटलं, माझ्यासाठी थांबलात, फार उपकार झाले.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली, “तुमची बॅग शोधून उतरवायला सांगतच होतो.”

म्हणजे थांबले होते ते बॅगेपायी. माझ्या आधी ती वेळेवर पोचून विमानाच्या पोटात जाऊन बसली होती. आंतरराष्ट्रीय विमानात ज्याने बॅग दिली तो चढला नाही तर त्याची बॅगही जात नाही. रचलेल्या डब्यांतून ती शोधून काढायची म्हणजे उशीर. त्यापेक्षा धावत येणाऱ्या बाईची दोन मिनिटं वाट बघणं परवडतं. बॅग कंपनीच्या चुकीने मागे राहिली तर ती नंतर तपासून एकटी पाठवतात, तिला निराळी ‘रश’ पट्टी लागते. पण मालक आपण होऊन गायब झाला तर बॅग खाली. जागेवर बसून पट्टा बांधताना मी जरा हिरमुसलेच.

हा नियम इतका कडक का झाला ते मी पूर्वी वाचलं होतं. त्या धावपळीत आठवलं नाही. परवा वाय वाय झेड वाचलं आणि तशीच पांघरुणांवर बसून राहिले.

२२ जून १९८५. व्हँकुव्हरच्या विमानतळावर एम. सिंग या नावाचं तिकीट घेऊन एक माणूस टोरंटोच्या विमानासाठी काउंटरवर आला. टोरंटोहून पुढे एअर इंडियाच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, तो प्रतीक्षायादीत होता. तरी बॅग थेट पुढच्या विमानापर्यंत लावा, असं तो म्हणत होता. तसं करता येत नाही, हे काउंटरवरच्या बाईंनी त्याला सांगितलं. तो हटेना. मागे रांग लांबत चालली होती. शेवटी त्यांनी पट्टी लावली.

तो माणूस विमानात चढलाच नाही. बॅग चढली. टोरंटोला तिने विमान बदललं. तिचं कनेक्शन चुकलं नाही. मॉन्ट्रियलमार्गे लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ते विमान, ‘कनिष्क’, २३ जूनच्या सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, समुद्रावर असताना त्या बॅगेतल्या बॉम्बने फुटलं. ३२९ माणसं गेली. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागत होती आणि आजी-आजोबांकडे निघालेली कितीतरी मुलं त्यांत होती. व्हँकुव्हरहूनच निघालेली तशीच दुसरी बॅग जपानमध्ये नारिता विमानतळावर, दुसऱ्या विमानात चढवायच्या आधीच फुटली. सामान हलवणारे दोन कामगार त्यात मेले.

माझ्या डोक्यातून ती रांग जात नाही. काउंटरसमोर हटून बसलेला एक माणूस, नियम सांगून सांगून थकलेल्या एक बाई, आणि मागे हातात तिकिटं घेतलेले, विमान गाठायचं म्हणून खोळंबलेले लोक. त्यांच्यात मी असते तर घड्याळ बघितलं असतं. आणि च्च केलं असतं, पुढच्याला ऐकू जाईल इतपत.