निराशा मोजायची प्रश्नावली मराठीत आणताना: माझा अनुभव

एम.फिल.च्या प्रबंधासाठी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांची होपलेसनेस स्केल, म्हणजे निराशा मोजायची प्रश्नावली, मराठीत आणून तपासायचं ठरलं तेव्हा वाटलेलं की भाषांतर करू, डेटा गोळा करू, अल्फा (प्रश्नावलीतली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढू, झालं. १९७४ ची प्रश्नावली आहे, २० वाक्यं, प्रत्येकाला बरोबर किंवा चूक एवढंच उत्तर, स्कोर ० ते २०, ९ किंवा जास्त आला की सावध व्हायचं. परवानगी मिळवण्यातच बरेच दिवस गेले, ते सोडा.

दोघींनी वेगवेगळं भाषांतर केलं, मग मूळ वाक्यं न बघितलेल्या एका मॅडमनी ते परत इंग्रजीत नेलं. कागदावर सगळं छान जुळलं. यवतमाळकडे ओपीडीत लोकांना वाचून दाखवायला लागले तेव्हा अडलं. पुढे काही चांगलं होणार नाही, अशा धाटणीचं वाक्य वाचलं की लोक नुसतं "नाही" म्हणायचे, आता हे नाही म्हणजे "नाही होणार" की "तसं काही नाही"? चुकीच्या ठिकाणी टिक झाली तर आशा असलेला माणूस निराश ठरतो आणि खरा निराश माणूस सुटून जातो, या विचारानं मला झोप लागायची नाही. शेवटी प्रत्येकाला "म्हणजे कसं, सांगा ना" विचारत बसले आणि त्यांच्याच बोलण्यातून वाक्यं बदलली.

एक शेतकरी काका म्हणाले, "पुढचं म्या कसं सांगू मॅडम, सारं पान्यावर हाय." ही निराशा नाही, कोरडवाहू शेतीचं वास्तव आहे, पण स्कोरमध्ये तो फरक दिसत नाही.

आणि स्कोर म्हणजे भविष्य नव्हे. बेकच्याच १९८५ च्या अभ्यासात १० किंवा जास्त स्कोर ही धोक्याची रेषा धरली तेव्हा पुढे आत्महत्या केलेल्यांपैकी ९१ टक्के लोक ओळखले गेले होते, तरी जास्त स्कोर असलेल्या बहुतेकांनी आत्महत्या केली नव्हती. म्हणून आमचा नियम होता, स्कोर जास्त आला की त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे, सोबत नातेवाईक, हातात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहिलेली चिठ्ठी.

एका ताईंचा १६ आला. मरणाचे विचार येतात का, मी सरळ विचारलं (विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत, यावर बरंच संशोधन झालंय), तर त्या रडल्या आणि म्हणाल्या, "हे कुणी इचारलंच नाही आजवर." दोन आठवड्यांनी रिटेस्टला (उत्तरं तशीच येतात का हे बघायला तीच प्रश्नावली पुन्हा भरायला) आल्या तेव्हा ११. दरम्यान उपचार सुरू झालेले, त्यामुळे तो फॉर्म रिटेस्टच्या हिशोबात धरता येत नाही. मी तो वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवलाय.