फोन उचलत नाहीत

आमच्या तात्यांना रेडकानं उठवलं. ऑगस्ट २०१९, दूधगंगेचं पाणी रात्रीत मळ्यात शिरलं तेव्हाची गोष्ट. देवळाच्या स्पीकरवरून दोनदा पुकारा झाला होता, भोंगा लावलेली गाडी गल्लीगल्लीतनं फिरून गेली होती. तात्या म्हणजे माझे चुलते. जन्मापासून ऐकू येत नाही. गोठ्यात बाजल्यावर झोपलेले, रेडकाचं दावं बाजल्याच्या पायाला. ते घाबरून ओढाओढ करायला लागलं म्हणून तात्यांनी पाय खाली टाकला, तर घोटाभर पाणी. आम्ही घरात सामान माळ्यावर टाकत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, तात्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्याच्या या पट्ट्याला पूर नवा नाही. कारदगा-भोज बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जायचाच. २०२१ च्या जुलैत तर यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली. पाऊस पडतो महाराष्ट्रात, राधानगरीच्या डोंगरात, काळम्मावाडी धरणातनं पाणी सुटलं की येतं इकडं, आणि इशारा देणारं सरकार तिकडचं नव्हे, इकडचं.

त्या दुसऱ्या पुरानंतर मी कागद गोळा करायला लागलो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ८ आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोका असला तर त्यांना कळेल अशी व्यवस्था करायची, असं त्यात सरळ लिहिलंय. त्याची झेरॉक्स घेऊन एका कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, अर्जी कन्नडमध्ये आणा. दुसऱ्या खेपेला युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, मागितलं. ते होतं, पण झेरॉक्सवर सही नव्हती. तिसऱ्या खेपेला साहेबच नव्हते. माझं कन्नड बाजारापुरतं. अर्जी लिहून दिली ती पंचायतीकडच्या व्हीआरडब्ल्यूनं, म्हणजे गावातल्या दिव्यांगांचं काम बघणाऱ्या बाईंनी. त्यांचा स्वतःचा एक पाय अधू, गावातलं कोण कुठं झोपतं हे त्यांना तोंडपाठ. यादी करायचीच तर अशा माणसाकडनं करून घ्यावी. चौथ्या खेपेला नाव चढलं.

मग १२ ऑक्टोबर २०२३ ला मोबाईलवर येणाऱ्या आपत्तीच्या इशाऱ्याची सरकारी चाचणी कर्नाटकात झाली. माझा फोन असा किंचाळला की हातातला चहा सांडला. इंग्रजीत एक मेसेज, कन्नडमध्ये एक. तात्यांचा जुना कीपॅड फोन खिशात गप्प. दिवाळीत त्यांना स्मार्टफोन घेतला, साधाच.

हा इशारा नंबर बघून येत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम पडतो. त्यामुळं कोल्हापूरचं सिम असलं तरी चालतं, लाइनी जाम असल्या तरी येतो. सेटिंगमध्ये वायरलेस इमर्जन्सी अ‍ॅलर्ट शोधून तिथलं व्हायब्रेशन चालू केलं. फ्लॅश लुकलुकायची सोय पण लावली, पण तात्या भिंतीकडं तोंड करून झोपतात, तिचा उपयोग शून्य.

खरी मेहनत लागली ती थरथर अंगापर्यंत पोचवायला. अलार्म लावून चार रात्री बघितलं. उशाखाली ठेवला तर कापूसच सगळी थरथर गिळतो. वाकळेच्या घडीत ठेवला तर सकाळी फोन म्हशीच्या पायाशी. शेवटी बाजल्याच्या नवारीत, बरोबर खांद्याखाली, कापडी खिसा शिवला. तिथं मात्र ते दचकून उठले आणि मला दोन चापट्या मारल्या. पास!

राहिला मजकूर. तात्या चौथीपर्यंत मराठी शाळेत बसलेत, अक्षरं लावून वाचतात. कन्नड अजिबात नाही. पहाटे तीनला कन्नड मेसेज समोर धरून ते काय करणार? म्हणून वाचायचंच नाही असं ठरवलं. फोन थरथरला की बॅटरी घ्यायची, रेडकू सोडायचं आणि आमच्या दारात यायचं. काय लिहिलंय ते आम्ही बघू. हे त्यांना खुणेनं सांगितलं. पाण्याची आमच्या घरातली खूण म्हणजे तळहात गुडघ्यापासून छातीपर्यंत वर नेणं. त्यांनी उलट मला विचारलं, चार्जिंग नसलं तर? पूर आला की लाईट जातेच. उत्तर त्यांनीच काढलं. बाजल्याला एक नायलॉनची दोरी बांधून तिचं टोक खिडकीतनं रस्त्याकडं सोडलंय. समोरच्या वहिनींना सांगून ठेवलंय, भोंगा ऐकला की ओढा. पोरं येताजाता ओढतात, तो भाग वेगळा.

गेल्या जुलैत पाणी चढायला लागल्यावर काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांची छावणी, कुठल्या शाळेत उघडणार ते विचारायला मी कचेरीत गेलो. (काळजी हा शब्द दोन्ही भाषांत आहे, तेवढा एक कागद मला एका दमात वाचता येतो.) टेबलावर दिव्यांगांची यादी होती. व्हीआरडब्ल्यू बाईंनी तात्यांची ओळ वाचून दाखवली. कळवण्यासाठी दोनदा फोन केला, पुढं शेरा: फोन उचलत नाहीत.

बाईंनी कपाळाला हात लावला. मी माझा नंबर लिहून दिला, कारण सांगितलं. क्लार्कनं पेन उचललं, म्हणाला, "मग त्यांचा नंबर खोडतो."

"खोडू नका," म्हटलं. "उचलणार नाहीत, पण रिंग वाजू दे. रात्री फोन खांद्याखाली असतो."