गोळीची वेळ आणि शाळेची घंटा

एडीएचडी म्हणजे लक्ष न लागणं आणि अति चंचलता. त्यावरच्या मेथिलफेनिडेट या औषधाची साधी गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करते आणि साधारण चार तासांत तिचा असर ओसरतो. आता दुपारच्या सत्रातला चौथीतला मुलगा डोळ्यासमोर आणा. शाळा साडेबाराला भरते. आई कामाला निघायच्या घाईत सकाळी आठलाच नाश्त्यानंतर गोळी देते. बाराला असर उतरतो, साडेबाराला प्रार्थना. सकाळभर घरी शहाण्यासारखं चित्र रंगवत बसलेलं पोर वर्गात पहिल्यासारखंच भिरभिरतं. महिन्याभराने बाई सांगतात, "काहीच फरक नाही हो." घरचे म्हणतात, औषध लागू पडलं नाही. मग कुणीतरी सांगतं आणि ब्राह्मीचं सिरप सुरू होतं.

एडीएचडीच्या बाबतीत 'औषध की पर्याय' हा वाद घरोघरी होतो. पण वाद घालणाऱ्यांनी बहुतेक वेळा दोन्हींतलं एकही नीट करून पाहिलेलं नसतं. डोस, वेळ, मोजमाप यांतलं काहीतरी चुकलेलं असतं आणि दोष मात्र उपायाला लागतो.

सुरुवात निदानापासून. हे निदान रक्ताच्या तपासणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधून होत नाही. माहिती विचारून, निरीक्षण करून होतं. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ. मुलांमध्ये एका गटातली किमान सहा, सहा महिने टिकलेली, वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसू लागलेली आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी जाणवणारी हवीत. फक्त घरीच त्रास आणि शाळेत सगळं सुरळीत असेल तर आधी घरात काय चाललंय ते बघायला हवं. 'मोबाइलवर दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसं?' हा आजोबांचा ठरलेला प्रश्न. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं, पाढ्यांत ते मिळत नाही. त्यामुळे मोबाइलवरच्या एकाग्रतेने काहीच सिद्ध होत नाही.

निदानाआधी कान आणि डोळे तपासून घ्या. मूल रात्री तोंड उघडं टाकून घोरत असेल तर अ‍ॅडिनॉइड-टॉन्सिल (नाकामागच्या आणि घशातल्या गाठी) दाखवा. झोपेत श्वास अडकणारं मूल बऱ्याचदा दिवसा पेंगत नाही, उलट उधळतं. मध्येच काही सेकंद शून्यात बघून परत भानावर येणारं मूल 'लक्ष नसलेलं' नसून त्याला फिट येत असू शकते. आपल्याकडे लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे की फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घेतलेलं बरं. वाचन-लेखनाची अडचण (अध्ययन अक्षमता) बऱ्याचदा सोबत असते आणि कुठलीही गोळी ती बरी करत नाही. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. परीक्षेतल्या सवलतींचा विषय निघेल तेव्हा हा फरक आडवा येतो.

मग मोजमाप. व्हॅन्डरबिल्ट नावाची प्रश्नावली मोफत मिळते, एक पालकांसाठी आणि एक शिक्षकांसाठी. पहिल्या अठरा प्रश्नांना शून्य ते तीन गुण. उपचाराआधी दोन्ही भरून घ्या आणि झेरॉक्स फाइलला लावून ठेवा. हा कागद नसेल तर तीन महिन्यांनी फरक पडला की नाही हे ज्याच्या त्याच्या मूडवर ठरतं.

आता औषध. मेथिलफेनिडेट नवं नाही. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत ते तयार झालं आणि पन्नाशीच्या दशकात बाजारात आलं. साध्या गोळीचा डोस सहसा ५ मिलिग्रॅमपासून सुरू होतो, सकाळी एक किंवा सकाळ-दुपार एकेक. मग डॉक्टर साधारण दर आठवड्याला थोडा वाढवतात. दिवसाची कमाल मर्यादा ६० मिलिग्रॅम धरतात, पण बहुतेक मुलांचं त्याच्या बरंच आत भागतं. योग्य डोस वजनाच्या गणितातून नेमका काढता येत नाही, म्हणून तर आठवड्याआठवड्याने चढायचं. एका आठवड्यात एकच बदल, आणि शनिवारी बाईंकडून चार ओळींचा कागद. त्याच आठवड्यात शिकवणी बदलली, बाक बदलला आणि बदामही सुरू केले, तर फरक कशामुळे पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दुपारचा डोस शाळेत द्यायचा तर अडचणी सुरू होतात. कित्येक शाळा औषध ठेवून घेत नाहीत, मुलाला चारचौघांत गोळी घ्यायची लाज वाटते, गोळी दप्तराच्या तळाशी सापडते. म्हणून लांब चालणाऱ्या गोळ्या. काहींचा असर सहा-आठ तास, काहींचा बारा तासांपर्यंत. या गोळ्या अख्ख्याच गिळायच्या. मूल गिळत नाही म्हणून ती वाटून केळ्यात किंवा मधात कालवली की दिवसभरासाठीचं औषध एकदम रक्तात उतरतं. सकाळी छाती धडधडते, हात थरथरतात आणि दुपारनंतर काहीच शिल्लक नसतं. गिळायची सवय आधी बारीक साखरगोळीवर करून घ्या, दही किंवा दाटसर खिरीच्या घोटाबरोबर. बारा तासांच्या काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं बाहेर पडतं. ते दिसलं म्हणून घाबरू नका, आतलं औषध केव्हाच गेलेलं असतं.

औषध मिळवणं हाही एक उद्योगच. मेथिलफेनिडेट औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत येतं. त्याच्या विक्रीला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. त्यामुळे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला 'नाही' म्हणतो, तेव्हा तो बहुधा टाळत नसतो. ज्या दुकानात मिळतं तिथला फोन नंबर घेऊन ठेवा आणि आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची चिठ्ठी घ्या. अमेरिकेतून परतणाऱ्या कुटुंबांनी हेही ध्यानात ठेवावं की तिकडे सर्रास लिहून दिली जाणारी अ‍ॅम्फेटॅमिनची औषधं इथल्या दुकानांत मिळत नाहीत. डॉक्टरांशी बोलून पर्याय निघण्याआधीच ठरवलेला बरा.

त्रास काय होतात? पहिली तक्रार डब्याची. दोन पोळ्या आणि भाजी जशीच्या तशी परत येते. दुपारी भूक मरते, त्यावर रागावून उपयोग नाही. गोळी पोटभर नाश्त्यानंतर द्या: तूप लावलेली पोळी, अंडं, थालीपीठ-लोणी, शेंगदाण्याचा लाडू. औषध उतरल्यावर रात्री आठ-नऊला भूक खवळते, तेव्हा दुसरं जेवण घाला. दर तीन महिन्यांनी वजन, सहा महिन्यांनी उंची, डोस बदलताना नाडी आणि रक्तदाब. उंचीवर थोडा परिणाम होतो हे खरं आहे: सलग औषध घेणाऱ्या मुलांत पहिल्या तीन वर्षांत सरासरी सुमारे २ सेंटीमीटर. हे पालकांना आधीच सांगायला हवं. लपवून ठेवलं की नंतर सगळ्याच गोष्टींवरचा विश्वास उडतो.

संध्याकाळी औषध उतरताना तासभर चिडचिड होते, आणि नेमकी तीच शिकवणीची वेळ असते. शिकवणी पुढे-मागे करा किंवा डॉक्टरांना विचारून डोसची वेळ हलवा. शेवटचा डोस उशिरा गेला तर झोप लांबते. मूल एकदम गप्प, निर्विकार, हसणंच विसरलेलं दिसलं, तर त्याला 'सुधारलं' समजू नका. डोस जास्त झाला आहे. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलं असेल, किंवा मूल धावताना चक्कर येऊन पडलं असेल, तर हे पहिल्या गोळीआधी सांगायचं. आणि व्यसनाची भीती: डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडाने घेतलेल्या औषधामुळे पुढे व्यसनाचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

मेथिलफेनिडेटसारखं उत्तेजक औषध चाललं नाही किंवा नको असेल तर अ‍ॅटोमोक्सेटिन. सुरुवात दर किलो वजनाला ०.५ मिलिग्रॅम, पुढे १.२ पर्यंत. ते कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळतं आणि असर दिवसभर राहतो, पण पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. दहाव्या दिवशी 'काही होत नाही' म्हणून बंद करणं ही इथली नेहमीची चूक. मळमळ होते म्हणून जेवणाबरोबर द्या. कॅप्सूल उघडू नका, आतली पूड डोळ्यांना झोंबते. सुरुवातीच्या आठवड्यांत मूल उदास झालं, मरणाबिरणाच्या गोष्टी करू लागलं, तर लगेच डॉक्टरांना फोन. क्लोनिडिन रात्रीच्या झोपेसाठी आणि उतावीळपणासाठी देतात. ते एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळतो, हे मात्र कायम लक्षात ठेवायचं.

अमेरिकेत सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने एक मोठा अभ्यास झाला, एमटीए नावाचा. निकाल १९९९ मध्ये आले. काटेकोर औषधोपचार, फक्त वर्तनोपचार, दोन्ही एकत्र, आणि नेहमीच्या डॉक्टरकडचे उपचार असे चार गट होते. लक्ष आणि चंचलता यांत काटेकोर औषधवाला गट फक्त वर्तनोपचारवाल्यांच्या पुढे गेला. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना कमी डोस पुरला. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट चौथ्या गटाची वाटते. त्यातली जवळपास दोन तृतीयांश मुलंही औषध घेतच होती, तरी ती मागे पडली. कारण डोस कमी, भेटी तुरळक, कुणी मोजत नव्हतं. आणि तीन वर्षांनी चारही गटांतला फरक पुसला गेला होता, हेही तितकंच खरं.

सहा वर्षांखालच्या मुलाला आधी पालक-प्रशिक्षण, हा सर्वमान्य क्रम. मोठ्या मुलांच्या पालकांनाही ते हवंच. पण 'बक्षीस देऊन पाहिलं, दोन दिवस चाललं' असं म्हणणाऱ्यांनी बहुधा महिन्याच्या शेवटी सायकल कबूल केलेली असते. या मुलांना महिना दिसतच नाही. एक काचेची बरणी घ्या आणि राजम्याचे दाणे. तीनच कामं ठरवा, नेमक्या शब्दांत: 'नीट वाग' नको, 'हाक मारल्यावर दहा सेकंदांत उठणे', 'गृहपाठाची वही दप्तरात ठेवणे'. त्यातलं एक तरी असं हवं जे मूल आजही दहातल्या सातदा करतं. काम झालं की त्याच क्षणी दाणा, आणि नाव घेऊन कौतुक: 'वही स्वतः ठेवलीस.' पाच दाण्यांना त्याच संध्याकाळी काहीतरी: कॅरमचा एक डाव, गोष्ट, गच्चीवर दहा मिनिटं. पहिले दोन आठवडे दाणा काढून घ्यायचा नाही. सूचना देताना स्वयंपाकघरातून ओरडू नका. जवळ जा, एकच सूचना द्या, थांबा. तिसऱ्या आठवड्यात बक्षीस शिळं होतं, तेव्हा ते बदला, पद्धत बदलू नका. आणि आजीने लाडाने न कमावलेले दाणे टाकले की सगळं मुसळ केरात, म्हणून बरणी आजीच्याच ताब्यात द्या. त्या मोजायला पक्क्या असतात.

बाकीचे पर्याय थोडक्यात. साखर बंद केल्याने फरक पडत नाही; १९९४ च्या नीट आखलेल्या चाचणीत काहीच दिसलं नाही. खाण्यातल्या कृत्रिम रंगांचा थोडा परिणाम काही मुलांवर होतो, म्हणून युरोपात २०१० पासून सहा रंगांवर इशारा छापावा लागतो. गाडीवरचा लालभडक गोळा टाळला तर नुकसान काहीच नाही. ओमेगा-३ चा फायदा आहे, पण औषधाच्या तुलनेत फार लहान. न्यूरोफीडबॅकची (मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून लक्ष लावायचा सराव) महागडी पॅकेजेस घेण्याआधी हे समजून घ्या: मूल्यमापन करणाऱ्याला कोणावर काय उपचार चाललेत हे माहीत नसतं, तेव्हा फायदा जवळपास नाहीसा होतो. ब्राह्मी-शंखपुष्पी द्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून द्या, पण भस्म आणि रसौषधी सोडा. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. शिशाने लहान मुलांची एकाग्रता आणखी बिघडते.

औषध अजून लागतंय का, हे वर्षातून एकदा तपासायचं. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत नको. शाळाच नसली तर कळणार काय? जूनचा पहिला पंधरवडाही नको, कारण तेव्हा सगळ्यांचीच घडी विस्कटलेली असते. चाचणी परीक्षा नसलेला जुलै-ऑगस्टमधला एखादा आठवडा औषध थांबवून बघण्यासाठी डॉक्टरांशी बोलून ठरवा. मेथिलफेनिडेट सहसा सरळ थांबवता येतं, क्लोनिडिन नाही. बाईंना कुठला आठवडा ते सांगू नका. शनिवारी त्यांच्याकडून व्हॅन्डरबिल्टचा कागद भरून घ्या आणि फाइलमधल्या दोन्ही जुन्या कागदांशेजारी ठेवा: उपचाराआधीचा आणि औषध सुरू असतानाचा.