तुम्ही विचारलेत म्हणून: गावाला किती दिलेत?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका मुंजीत, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात आणि अलीकडे तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडे ठेवून पडलेलो असताना मला एकच प्रश्न विचारला गेला आहे. मानपूरच्या पलीकडचा, विंध्याच्या कडेने जाणारा तो रस्ता आमच्या क्लबच्या मोटार रॅलीसाठी पूर्ण बंद ठेवायला तिथले लोक तयार कसे झाले? आणि मग, आवाज जरा खाली आणून, "गावाला किती दिलेत?" डॉक्टरांना उत्तर देण्याच्या स्थितीत मी नव्हतो. बाकीच्यांना मी बरीच वर्षे हसून टाळले, कारण खरे उत्तर लांब आहे आणि त्यात माझी शोभा फारशी नाही.

पैशांचे आधी सांगून टाकतो. पहिल्या वर्षी आम्ही शाळेच्या कुंपणभिंतीला रंग दिला, क्रिकेटचे दोन संच दिले आणि पंचायतीच्या खात्यात ठरलेली रक्कम पावती घेऊन भरली. कोणाच्याही खिशात काही घातले नाही. पण त्या रंगामुळे आणि त्या बॅटींमुळे लोक राजी झाले, असे ज्यांना वाटते त्यांना, आणि त्या वर्षीच्या मलाही, मला सांगायचे आहे की लोक राजी झालेलेच नव्हते. माझ्याकडे सह्या होत्या.

सह्यांच्या बाबतीत मी बेफिकीर नव्हतो, हे मात्र नोंदवून ठेवतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी होऊ देणे आणि तीत भाग घेणे, दोन्ही गुन्हे आहेत. त्यामुळे जिल्हा प्रशासन, पोलीस, लोक निर्माण विभाग, वन विभाग आणि पंचायत अशा प्रत्येक ठिकाणच्या ना-हरकत पत्रांची जाड फाइल माझ्या कपाटात आजही आहे. चिकमगळूरकडे कॉफीच्या मळ्यांतल्या खासगी रस्त्यांवर स्टेज, म्हणजे रस्ता बंद करून वेळ लावून गाड्या पळवायचे रॅलीतले टप्पे, होतात, तेव्हा बोलायचे ते मुख्यतः मळ्याच्या मालकाशी. इंग्लंडमध्ये शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करायचा तर २०१७ पर्यंत पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागत असे. आपल्याकडे या दोन टोकांच्या मधले काहीतरी आहे. रस्त्याचा मालक एक कार्यालय असते, आणि त्याच्यावरून रोज जाणारी माणसे त्या कार्यालयात कधी भेटत नाहीत.

गावासाठी मी एक पत्र काढले होते. छापील, हिंदीत, वर आमच्या क्लबचे रंगीत बोधचिन्ह. "आपको सूचित करते हुए हर्ष हो रहा है" अशी त्याची सुरुवात होती. ते पत्र मी परवा पुन्हा वाचले. त्यात क्षेत्राचा विकास होता, युवकांना प्रेरणा होती, पर्यटनाला चालना होती. फक्त रस्ता किती वाजता बंद होणार आणि किती वाजता उघडणार, ही माहिती दुसऱ्या पानावर, सर्वात खाली, कंसात होती. आज कोणी मला असे पत्र दाखवले तर मी त्याला ते फाडायला सांगीन. पण ते लिहिणारा माणूस लबाड नव्हता, एवढी त्याची बाजू मी घेतो. त्याला खरोखरच हर्ष होत होता.

आमची स्टेज ११ किलोमीटरची होती. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने ३२ गाड्या सोडायच्या म्हणजे पहिली सुटल्यापासून शेवटची सुटेपर्यंत तासाहून जास्त वेळ जातो. त्याआधी रस्ता मोकळा आहे ना हे पाहत झिरो कार जाते, त्याच्याही आधी सुरक्षेची पाहणी होते, आणि शेवटच्या स्पर्धकामागून स्वीपर, म्हणजे सर्वांत मागची पाहणीची गाडी, गेल्याखेरीज रस्ता उघडत नाही. म्हणून आठ वाजताच्या पहिल्या गाडीसाठी रस्ता साडेसहाला बंद करावा लागला. या ११ किलोमीटरमध्ये येऊन मिळणाऱ्या २३ वाटा आम्ही नकाशावर मोजल्या होत्या आणि प्रत्येकीवर लाल-पांढरी फीत, एक मार्शल आणि शक्य तिथे रेडिओ ठेवला होता. एप्रिल महिना होता, गहू निघून गेलेला होता आणि शेते मोकळी होती. वेळ उत्तम निवडली, असे मी सगळ्यांना सांगत होतो.

सहा पन्नासला चौदाव्या नाक्यावरून रेडिओ आला की एक दूधवाला आला आहे, मोटरसायकलला चार कॅन बांधलेले आहेत आणि त्याला स्टेजवरूनच चार किलोमीटर पुढे जाऊन संकलन केंद्राच्या फाट्याला वळायचे आहे. केंद्र आठ वाजता बंद होते. मार्शल म्हणजे इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला एक मुलगा होता, आणि त्याच्या आवाजात विनंती होती. झिरो कार निघायला अजून बराच अवधी होता, आणि त्या माणसाला लागली असती जेमतेम दहा मिनिटे. क्लार्क ऑफ द कोर्स मी होतो, म्हणजे अंतिम शब्द माझा होता. मी म्हणालो, "थांबवा."

का थांबवले, याचे एक उत्तर माझ्याकडे आहे आणि ते खोटे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात, बाडमेर जिल्ह्यात, राष्ट्रीय अजिंक्यपद रॅलीच्या बंद स्टेजवर एक मोटरसायकल शिरली आणि स्पर्धेतल्या गाडीच्या धडकेत एकाच कुटुंबातले तिघे गेले. मार्शलांच्या प्रशिक्षणात आम्ही हीच घटना सांगितली होती आणि बजावले होते की बंद म्हणजे बंद. मग तो सरपंच असो, फौजदार असो की तुमचा मामा. एकाला सोडले की फितीला अर्थ राहत नाही. तो माणूस एखाद्या वळणावर कॅनसकट घसरून पडला असता तर पुढच्या कोणत्याही नाक्यावरून तो दिसला नसता. हे सगळे मी आजही तसेच म्हणेन.

दुसरे उत्तर असे आहे की मोटार शर्यतींच्या महासंघाकडून आलेले निरीक्षक त्या वेळी माझ्या टेबलापाशी चहा घेत उभे होते, आणि मी ढिला आहे असे त्यांच्या अहवालात येऊ नये, हा विचार माझ्या मनात बाडमेरच्या आधी आला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

त्यानंतर नववी गाडी नाल्यात गेली. आतल्या दोघांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण रुग्णवाहिका स्टेजवर गेल्यामुळे स्टेज ४० मिनिटे थांबली, आणि साडेनऊला उघडायचा रस्ता सव्वादहाला उघडला. तोवर ते चार कॅन खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, झाडाच्या तुटपुंज्या सावलीत उभे होते. मुलाने स्वतःचा गमछा भिजवून त्यांच्यावर टाकला होता, हे मला नंतर कळले. दूधवाल्याने आरडाओरडा केला नाही. रस्ता उघडल्यावर तो केंद्राकडे गेलाच नाही. मोटरसायकल वळवून आल्या वाटेने परत गेला. मी रेडिओवर "चौदा मोकळा" एवढेच ऐकले, आणि खरे सांगायचे तर मला हायसे वाटले.

दुपारी तीनच्या सुमारास सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या तळावर, सात-आठ बायका आल्या. त्या भांडायला आल्या आहेत असे समजून आमच्यातला एकजण पोलिसांना बोलवायला निघाला होता. त्या भांडल्या नाहीत. त्यांच्या हातात दुधाची कार्डे होती, घडीवर फाटलेली, बोटांच्या तेलाने काळी पडलेली, आणि प्रत्येक कार्डावर तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, रक्कम असे रकाने होते. त्या दिवसाची सकाळ सगळ्यांच्या कार्डांवर कोरी होती. सर्वात पुढच्या बाईने कार्ड माझ्यापुढे धरले आणि म्हणाली की रस्ता तुम्ही बंद केलात, तर इथे तुम्हीच लिहा.

मी पाकीट काढले. तिने पाकिटाकडे पाहिले नाही. मग मी पेन घेतले, तिने सांगितले तेवढे लिटर लिहिले आणि एक ठोक रक्कम लिहिली. हात सढळ ठेवला होता, हे सांगायचा मोह मला आजही आवरत नाही. तिने कार्ड निरखून पाहिले आणि विचारले, "फैट कहाँ लिखा?" म्हशीचे दूध फॅटवर विकले जाते. त्याच आकड्यावरून पैसे ठरतात आणि घरात म्हशीला पेंड किती घालायची तेही ठरते. तो आकडा केंद्रावरच्या यंत्राखेरीज कोणी देऊ शकत नव्हते, आणि दूध तर नासले होते. मी तो रकाना रिकामा ठेवला. पैसे त्यांनी घेतले, मोजले, आणि गेल्या. तुम्ही "किती दिलेत" असे विचारता तेव्हा मला तो रिकामा रकाना दिसतो.

त्या बायका ज्या फलियातल्या, म्हणजे पाड्यातल्या, होत्या, तो फलिया आमच्या ना-हरकत पत्रातल्या पंचायतीतच मोडतो. कागद पक्का होता. रंगवलेली शाळा मात्र दुसऱ्या टोकाला, सरपंचांच्या वस्तीत होती. आमचे छापील पत्र या फलियात पोहोचलेच नव्हते, आणि पोहोचून तरी काय झाले असते?

आयर्लंडमध्ये डांबरी सार्वजनिक रस्ते बंद करून रॅली करण्याची जुनी रीत आहे, आणि तिथल्या क्लबांची माणसे त्या रस्त्यावरच्या घराघरांत जाऊन बोलतात, हे मी तोवर वाचलेले होते. वाचून मी मनात म्हटले होते की त्यांच्याकडे घरे कमी असतील. दुसऱ्या वर्षी आम्ही चौघे डिसेंबरापासून दर रविवारी गेलो. पहिले तीन रविवार कोणी काही बोलले नाही; बसायला खाट मिळाली, चहा मिळाला, "ठीक है" मिळाले. मी रस्ता मागत होतो, आणि रस्ता सरकारचा आहे हे त्यांनाही ठाऊक होते. "तुम्ही सकाळी किती वाजता कुठे असता" असे विचारायला लागल्यावर माणसे बोलू लागली. एका म्हातारीने सांगितले की मोहाची फुले पहाटे पडतात आणि उन्हे तापायच्या आत वेचावी लागतात. त्यासाठी वापरली जाणारी वाट मोहाच्या हंगामापुरतीच असते. आमच्या २३ वाटांमध्ये ती नव्हती, कारण आमची पाहणी फेब्रुवारीतली होती. त्या वाटेच्या तोंडाशी मुले फुले वेचत बसतात आणि समोर, पेसनोट्सप्रमाणे (चालकासाठी आधीच लिहून ठेवलेल्या वळणांच्या नोंदींप्रमाणे), गाडी पूर्ण वेगात असते. ही गोष्ट मला कोणत्याही सही-शिक्क्याने सांगितली नसती.

आता आम्ही रस्ता सव्वाआठला, दूध गेल्यावर, बंद करतो आणि याच रस्त्यावरची गाड्यांची दुसरी फेरी काढून टाकली आहे. स्पर्धक कुरकुरतात की उन्हात टायर जातात आणि एका फेरीसाठी एवढ्या लांब कशाला यायचे. त्यांचे चुकते असे मला म्हणता येत नाही. दर वर्षी दोन-तीन मोठ्या गाड्या कमी येतात. कदाचित मी रॅली वाचवण्याच्या नादात ती हळूहळू बारीक करत चाललो आहे.

आणि "ते लोक कसे रे ऐकतात तुझे?" असे विचारणाऱ्या माझ्या नातेवाइकांना मला एक विचारायचे आहे. रंगपंचमीला इंदुरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याचा सगळा परिसर बंद असतो, अनंत चतुर्दशीला झांक्यांसाठी, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीसाठी, रात्रभर रस्ते बंद असतात, आणि कोणाची संमती घेतली असे कोणी विचारत नाही, कारण ते आपले आहे. रॅली त्या फलियाची कधीच नव्हती. ती आमची हौस आहे. त्यांच्यातले दोन तरुण आता मार्शल म्हणून उभे राहतात, त्यांना नाक्यावरचे अधिकार आवडतात, आणि हे समर्थन आहे की तात्पुरती गंमत, ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या शहरातले आयोजक माझ्याकडे "गावकऱ्यांच्या संमतीचा नमुना अर्ज" मागतात. तसा अर्ज माझ्याकडे आहे, पण मी तो कोणाला देत नाही.

या वर्षीची तारीख विचाराल तर ती अजून ठरलेली नाही. चौदाव्या नाक्याच्या वरच्या घरात वैशाखात लग्न आहे, आणि मुहूर्त निघायचा आहे.