परग्रहांवरची गरिबी येते कुठून?

विज्ञानकथेत एका ग्रहावर तरंगती शहरं आणि शेजारच्या ग्रहावर बैलगाडी दिसली, की वाचक लगेच विचारतो: इतकी वर्षं ये-जा आहे, मग तंत्रज्ञान तिकडे पोचलं का नाही? 'तिथले लोक मागासलेले' हे उत्तर चालत नाही. ज्ञान रेडिओवरूनही पाठवता येतं. घोडं अडतं ते वजन हलवताना आणि माणसं कमी पडतात तिथे. म्हणून ग्रह रचायला बसलात की वाहतुकीचा खर्च आणि लोकसंख्या हे दोन आकडे राजघराण्यांच्याही आधी ठरवा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. पृथ्वीवरून खालच्या कक्षेत जायला, हवेचा आणि गुरुत्वाचा तोटा धरून, सेकंदाला सुमारे ९.४ किलोमीटर इतका वेग कमवावा लागतो. चांगल्या हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनातून वायू साधारण ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीने १९०३ साली मांडलेल्या रॉकेटच्या समीकरणात हे आकडे घातले, की उड्डाणाचं वजन कक्षेत पोचणाऱ्या वजनाच्या साडेआठ पट निघतं. मंगळावरून सुमारे ४ किलोमीटर पुरतात, तिथे हे प्रमाण अडीच पट. गरज १४ किलोमीटरची असेल अशा जड ग्रहावर ते थेट २४ पट होतं, आणि टाक्या-इंजिनांचं वजन उरलेल्या एका भागातच बसवायचं. असा ग्रह खनिजांनी कितीही भरलेला असो, त्याची निर्यात होणं कठीण. बंदर होईल ते त्याच्या एखाद्या हलक्या चंद्रावर.

ताऱ्या-ताऱ्यांमध्ये तर एक किलो वस्तूला प्रकाशाच्या एक दशांश वेग द्यायलाच साडेबारा कोटी युनिट वीज लागते. थांबवायचा खर्च वेगळा. त्यामुळे दुसऱ्या ताऱ्याला लोखंड पुरवणारा 'खाणग्रह' मला कधीच पटत नाही. लोखंड सगळीकडे असतं. प्रकाशाहून वेगवान यानं स्वस्त ठेवलीत, तर उलटी अडचण येते. मग विषमता टिकवायला मार्गाची मक्तेदारी, पेटंट किंवा कर्ज असं काहीतरी माणसांनी उभं केलेलं कारण द्यावंच लागेल.

लोकसंख्येकडे मात्र फार कमी लेखक बघतात. सगळ्यात बारीक चिप्ससाठी लागणारी लिथोग्राफी यंत्रं, म्हणजे प्रकाशाने चिपवर नक्षी छापणारी यंत्रं, आज अख्ख्या पृथ्वीवर एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधली एएसएमएल. एका यंत्रात लाखाहून जास्त भाग, आणि ते पुरवणारे कारखाने अनेक देशांत पसरलेले. वीस हजारांच्या वसाहतीला हे झेपणार नाही.

चिप सोडा, पाण्याच्या पंपाचं बॉल बेअरिंग घ्या. त्याला साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेलं पोलाद हवं, ते नेमक्या तापमानाला तापवून तेलात विझवायची भट्टी हवी, आणि प्रत्येक गोळी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबात गोल करणारं घासकाम हवं. गोलाई चुकली की गोळीवर एका जागी भार येतो, पृष्ठभागाचे टवके उडतात आणि पंप बसतो. वसाहत मग ब्राँझचं साधं बुश, म्हणजे बिनगोळ्यांची नळी, घालेल. ते घरच्या ओतशाळेत होतं, पण घर्षण जास्त, म्हणून पंप सावकाश चालवायचा आणि वंगण सतत द्यायचं. निर्जीव ग्रहावर खनिज तेल नसणार. वंगणासाठी एरंड लावावा लागेल, म्हणजे तेवढी शेतजमीन अन्नातून गेली. गरिबी अशी एकेका भागातून आत शिरते. आणि ती सरसकट नसते: त्याच गावच्या दवाखान्यात पृथ्वीवरून आलेलं उत्तम स्कॅनिंग यंत्र असेल, फक्त ते बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी नसेल.

ग्रहाचा स्वभावही बघा. हवेत ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या खाली असेल तर लाकूड धड पेटत नाही, मग तिथल्या मूळ रहिवाशांना भट्टी कुठून सुचणार? चंद्रासारख्या जगात कार्बन आणि नायट्रोजन इतके तुटपुंजे, की खतासाठीही बाहेरच्याचं तोंड बघायचं.

हे सगळं कथेत आणायचं तर वसाहतीच्या कालरेषेत एक साल नक्की लिहा: पहिल्या यानातले सुटे भाग कधी संपले. त्या सालाच्या आधी जन्मलेले आणि नंतर जन्मलेले लोक वेगळी यंत्रं वापरतील, वेगळे धंदे शिकतील, आणि पुढच्या यानाला काय विकायचं यावरून भांडतील.