पाटीच्या दगडावर पिकलेली लाल वाइन

आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. त्यामुळे बॉनला राहायला आल्यावर जवळच द्राक्षाचं खोरं आहे असं कळलं, तेव्हापासून ते बघायची ओढ लागली होती. आर ही लहानशी नदी, बॉनच्या दक्षिणेला ऱ्हाइनला मिळते. जर्मनी म्हणजे पांढरी वाइन असं आपल्या डोक्यात असतं, पण ५० अक्षांशाच्याही वर असलेल्या या खोऱ्यात राज्य लाल वाइनचं आहे. इथे तिला श्पेटबुर्गुंडर म्हणतात, म्हणजे फ्रान्सची पिनो न्वार.

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सासऱ्यांची डेर्नाऊ गावात छोटी बाग आहे. सप्टेंबरात मी तोडणीला गेले. चढ इतका, की एका हाताने खांब धरायचा आणि दुसऱ्या हाताने कात्री चालवायची. पायाखाली माती थोडी आणि शाळेच्या पाटीचा काळा दगडच जास्त. दुपारी त्यावर हात ठेवला, तर चुलीवरून उतरवून बराच वेळ झालेल्या तव्यासारखा कोमट लागला. दिवसभराचं ऊन हा दगड धरून ठेवतो आणि रात्री वेलींना देतो. उतारांची तोंडंही दक्षिणेला. एवढं सगळं जुळून आलं म्हणून इथे लाल द्राक्ष पिकतं.

आपल्याकडे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद लावतात. इथे मैत्रिणीचे सासरे, म्हणजे आजोबा, घडाजवळची पानं खुडून टाकतात, ऊन थेट घडावर पडावं म्हणून. भुरी आणि डाऊनी हे द्राक्षाचे बुरशीचे रोग मात्र दोन्हीकडे सारखेच! एका पानावरची भुरी मी लांबूनच ओळखली आणि आजोबांचा चेहरा खुलला. मग दिवसभर ते माझ्याशीच बोलत होते.

संध्याकाळी त्यांनी बाटली उघडली. रंग इतका फिका, की पेल्यापलीकडची बोटं दिसावीत. या द्राक्षाची साल पातळ, म्हणून रंग कमी. वास चेरीचा, आणि मागून पावसात भिजलेल्या पाल्याचा. थंडीत मणी सावकाश पिकतो, त्यामुळे गोडी भरेपर्यंत आंबटपणा उडून जात नाही. तो जिभेच्या कडांना लागतो आणि पुढचा घोट मागतो. गडद, जड लाल वाइनपेक्षा मला हीच आवडली.

तळघराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ आहे. १४ जुलै २०२१च्या रात्री आर नदीला पूर आला, खोऱ्यात १३०हून जास्त माणसं गेली. उतारावरच्या बहुतेक बागा वाचल्या, पण गावातली तळघरं आणि पिंपं बुडाली. चिखलाने माखलेल्या बाटल्या मग न धुताच ‘पुराची वाइन’ म्हणून विकल्या गेल्या, आणि त्या पैशातून खोरं पुन्हा उभं करायला मदत झाली. त्यातली एक आजोबांनी ठेवली आहे. ती ते उघडत नाहीत. मीही काही विचारलं नाही.

रात्री निफाडला अण्णांना फोन केला. पहिला प्रश्न, “गोडी किती भरली?” आजोबांकडे अण्णांसारखंच गोडी मोजायचं यंत्र आहे, फक्त त्यावर एक्सले नावाचे अंश असतात. ९२ आले होते, म्हणजे आपले २२ ब्रिक्स.

“बावीस?” अण्णा थोडा वेळ गप्प झाले. “आपण अठराला तोडतो गं. त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग.”